पुसानच्या आजीची हाक

माणूस बोलायला लागला की शब्दांच्या जोडीने त्याच्या तोंडातून आणखी पुष्कळ काही बाहेर पडतं. जीभ टाळूवरून सुटल्याचा बारीक टक् आवाज, घोट, अर्धवट राहिलेला उसासा, आणि जेवणाची वेळ जवळ आली की पोटातली कुरकुर. हे सगळं ऐकणं हे माझं काम होतं. बर्मिंगहॅममध्ये कालव्याच्या काठी बटणांचा एक जुना कारखाना आहे. त्याच्या वरच्या मजल्यावरच्या ऑडिओबुक स्टुडिओत मी नोकरीची बहुतेक वर्षं काढली. दुसऱ्यांच्या पोटांचा माझ्याइतका अभ्यास डॉक्टर सोडून कुणी केला नसेल.

लोकांना वाटतं, ऑडिओबुक म्हणजे कुणीतरी पुस्तक वाचायचं आणि कुणीतरी बटण दाबायचं. ते बटण दाबणारी मी. वाचणारा कलाकार, म्हणजे आमच्या भाषेत नॅरेटर, जाड गाद्या लावलेल्या भिंतींच्या एका छोट्या खोलीत बसतो. काचेच्या अलीकडे मी, कानाला हेडफोन आणि समोर तेच पुस्तक. तो एखादा शब्द चुकला, गाळला, गिळला की मी थांबवायचं, एक वाक्य मागे जायचं, त्याला त्याचाच आवाज ऐकवायचा, आणि त्याने तोच सूर पकडून पुढे वाचायचं. हे नीट जमलं तर ऐकणाऱ्याला जोड कळत नाही. त्यामुळे आमचं काम जितकं चांगलं, तितकं ते कुणाच्या लक्षात येत नाही. शिंप्यालाही हे दुःख ठाऊक असतं.

या खोलीत कॉर्डरॉयची पँट चालत नाही, खसखसते. दुधाचा चहा चालत नाही, घशात चिकटतो. तोंड कोरडं पडून चटचट वाजायला लागलं की हिरव्या सफरचंदाची फोड द्यायची. त्याने खरंच फरक पडतो. पहिल्या दिवशी माझ्याच बांगड्या माइकमध्ये वाजल्या. त्या मी काढून पर्समध्ये ठेवल्या, आणि नोकरी संपेपर्यंत कामावर पुन्हा घातल्या नाहीत. आईला फोनवर हे कधी सांगितलं नाही.

तऱ्हेतऱ्हेची माणसं यायची. एक निवृत्त ब्रिगेडियर स्वतःच्या आठवणी वाचायला आले होते. युद्धाची प्रकरणं त्यांनी सपाट आवाजात, न अडखळता वाचली. कुत्रा मेल्याच्या पानावर मात्र आले की थांबायचे. पाणी प्यायचे, पुन्हा सुरू करायचे, पुन्हा तिथेच थांबायचे. शेवटी मी म्हटलं, “उभं राहून वाचता का? वरिष्ठांना रिपोर्ट देतो तसं.” ते उभे राहिले, कोटाची बटणं लावली आणि एका दमात वाचून गेले. वाचून झाल्यावर काचेकडे पाठ करून बराच वेळ उभे होते. मी माइक बंद करून टाकला.

आणखी एक नटी होती, फार गुणी, पण पुस्तक आधी वाचून यायचा तिला कंटाळा. एका रहस्यकथेतल्या डॉक्टरला तिने छान गोडसर वेल्श उच्चार दिले. शेवटच्या प्रकरणात लेखकाने लिहिलं होतं, ‘डॉक्टरचे ग्लासगोचे उच्चार ऐकताच इन्स्पेक्टर चमकला.’ ती वाचता वाचता थांबली आणि काचेतून माझ्याकडे बघायला लागली. मग त्या डॉक्टरचं प्रत्येक वाक्य पुन्हा वाचून जुन्या जागी बसवावं लागलं. अशा दुरुस्तीला आम्ही पिकअप म्हणतो. हा शब्द लक्षात ठेवा, कारण ज्या पुस्तकाबद्दल मला सांगायचंय ते या पिकअपपायीच अडलं होतं.

ते पुस्तक म्हणजे किशोरवयीन मुलांसाठी लिहिलेली एक अद्भुतरम्य कादंबरी, कोरियन लोककथांवर रचलेली. लेखिका सोरा बर्मिंगहॅममध्येच वाढलेली. आईवडिलांचं कपडे ड्रायक्लीन करायचं दुकान, ती स्वतः प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिचं हे पहिलंच पुस्तक. पहिल्या भेटीत तिने दार उघडताना सॉरी म्हटलं, खुर्चीवर बसताना सॉरी म्हटलं, आणि पुस्तकात परके शब्द फार आहेत म्हणून तर दोनदा म्हटलं.

गोष्ट अशी होती. बोरा नावाची मुलगी आजीबरोबर राहत असते. आजी पुसानच्या बंदरावर मासे विकून म्हातारी झालेली. एके दिवशी काळा झगा आणि काळी गोल टोपी घातलेला यमदूत येतो, आजीला नाव घेऊन तीनदा हाक मारतो आणि घेऊन जातो. तिचं नाव यादीत चुकून आलेलं असतं. मग बोरा तिला परत आणायला निघते. वाटेत तिला नऊ शेपट्यांची कोल्हीण भेटते, जी माणसाचं रूप घेते पण आरशासमोर उभं राहायला घाबरते. आणि भेटतो दोक्केबी. दोक्केबी म्हणजे कोरियातला एक खोडकर भूतवजा प्राणी. माणसांनी टाकून दिलेल्या जुन्या वस्तूंतून तो जन्मतो. येणाऱ्याजाणाऱ्याला कुस्तीचं आव्हान देतो, रात्रभर झुंजतो, आणि उजाडल्यावर बघावं तर माणसाच्या मिठीत एक जुना खराटा असतो.

हे वाचून मी एकटीच हसले. मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे पाण्यातला गिऱ्हा माणसाला असाच अडवून छळतो, आणि वाट चुकलेल्याला काठी नि घोंगडीवाला देवचार घरापर्यंत सोडतो. मी सोराला हे सांगितलं तेव्हा ती खुर्चीच्या कडेवर आली. “तुमचा तो पाण्यातला कुस्ती हरला तर काय होतं?” तिने विचारलं. मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे त्याच्याशी कुणी जिंकायला थांबतच नसे.

वाचायला आली मीना. ईमेलमध्ये नाव वाचून मला वाटलं, आपल्यातलीच कुणी. पण ती एडिनबराची, उच्चार अस्सल स्कॉटिश. तिच्या आईला तान्ही असताना कोरियातून एका स्कॉटिश जोडप्याने दत्तक घेतलं होतं. आईची आई कोण, कुठली, हे कुणालाच माहीत नव्हतं. चेहरा कोरियन आणि कोरियन भाषेचा एक शब्द येत नाही, अशी मीना. प्रकाशकांकडून कुणीतरी विचारलं होतं की आवाजाला थोडा कोरियन टच देता येईल का. मीना शांतपणे म्हणाली, “मला एडिनबराचाच टच येतो.” मी तसंच कळवून टाकलं. तो विषय पुन्हा निघाला नाही.

शब्द मात्र बरोबर यायला हवे होते. त्यासाठी सोराने एकेक शब्द आपल्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करून पाठवला. मीना तो कानाला लावून बसायची, पुटपुटायची, मग माइकसमोर म्हणायची. सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द होता ‘हालमे’, म्हणजे आजी. बोरा पानापानावर आजीला हाक मारते. कधी भुकेने, कधी रागाने, कधी नुसतीच. सुरुवातीला मीना तो शब्द परीक्षेतल्या उत्तरासारखा म्हणायची. काही दिवसांनी तिचं तिलाच कळलं नाही, पण तो तिच्या तोंडात बसला. ‘हाल’वर हलका आणि ‘मे’वर लांबवलेला, जरा हट्टी. सोरा एकदा ऐकायला आली होती. तिने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, “मी अशीच हाक मारायचे.” तिची आजी त्यांच्याच घरी राहायची, दुकानाच्या मागच्या खोलीत इस्त्री करता करता या गोष्टी सांगायची. सोरा चौदा वर्षांची असताना ती गेली.

पुस्तक वाचून जवळजवळ पुरं झालं होतं तेव्हा प्रकाशनसंस्थेतल्या संपादक क्लेअरचा फोन आला. क्लेअर चांगली बाई, नेहमी घाईत. ती म्हणाली, “वसुधा, एक मोठा बदल आहे. सगळे ‘हालमे’ काढून ‘हालमोनी’ करायचे आहेत. छापील पुस्तकातही करतोय.”

“का?”

“आम्ही एका कोरियन प्राध्यापकांना मजकूर दाखवला. त्यांचं म्हणणं, तो शब्द प्रमाण भाषेतला नाही. मुलांच्या पुस्तकात चूक नको. सोरालाही विचारलं, ती लगेच हो म्हणाली.”

मी मीनाला सांगितलं. शब्द बदलायचा म्हणजे प्रत्येक ठिकाणी पिकअप. काम वाढणार याचं तिला काही नव्हतं, त्याचे पैसे मिळतातच. पण ती हेडफोन काढून हातात फिरवत बसली. “मला एकच शब्द येत होता,” ती म्हणाली. “तोही चुकीचा निघाला.”

मग मी सोराला फोन केला. तिच्या मागे शाळेच्या मैदानावरचा कलकलाट ऐकू येत होता. “सॉरी, तुम्हा सगळ्यांना त्रास,” तिने सुरुवात केली. “माझ्या लक्षात यायला हवं होतं. शनिवारच्या कोरियन शाळेतही बाई मला टोकायच्या. सगळी मुलं हालमोनी म्हणायची, मी एकटीच हालमे म्हणायचे. आमच्या घरचं कोरियन म्हणजे मासळीबाजारातलं. प्राध्यापकांना कळणारच ते.”

“पण तुझी आजी पुसानचीच होती ना? गोष्टीतलीही पुसानची आहे.”

“हो. पण छापलेलं बरोबर असावं.” आणि शाळेची घंटा झाली म्हणून तिने फोन ठेवला.

मी संध्याकाळी घरी आले ती घुश्शातच. हे भाजी चिरत होते. आमचे हे पुण्याचे, शुद्ध बोलणारे, पण स्वभावाने मऊ. मी सगळं सांगितलं. सांगता सांगता माझं स्वतःचंच जास्त निघत गेलं. पुण्याला कॉलेजात गेले तेव्हा आईला ‘माझी आवस’ म्हटल्यावर खोलीतल्या मुली हसल्या होत्या. मग मी आवस सोडली, बापूस सोडला, लग्नानंतर उरलंसुरलंही गेलं.

“तू पूर्वी आईंशी फोनवर बोलताना दर वाक्याला ‘गो’ म्हणायचीस,” हे म्हणाले. “मला फार आवडायचं. का बंद केलंस?”

“तुम्हीच हसला होतात.”

“हसलो होतो. बंद कर असं कुठे म्हटलं होतं?”

“अहो, हसल्यावर आणखी काय म्हणायचं राहतं?”

त्यांनी सुरी खाली ठेवली. “तसं असेल तर चुकलं माझं. पण तू तेव्हा मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, की गोड वाटतं म्हणून हसलो.”

इतक्या वर्षांनी ते विचारून काय उपयोग होता? पण दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसल्यावर माझ्या मनात आलं, की त्या प्राध्यापकांना तरी कुणी नीट विचारलंय का? ‘हालमोनी’चा उच्चार तपासून घेणं हे तर माझं कामच होतं. मी क्लेअरकडून नंबर घेतला आणि फोन केला.

डॉ. हान फोनवर फार सावकाश बोलत. मी उच्चार विचारला, त्यांनी सांगितला, दोनदा म्हणून दाखवला. मग म्हणाले, “पण हा शब्द तुम्हाला कशाला हवाय? पुस्तकात तर हालमे आहे.”

“तो काढतोय आम्ही. तुम्हीच चूक म्हणालात ना?”

“मी म्हणालो की हा प्रमाण शब्द नाही, तो पुसानकडचा आहे. त्यात चूक कसली? मला उलट आनंद झाला होता. माझ्या बायकोची आई त्याच भागातली, आमची मुलं तिला हालमेच म्हणतात. मला वाटलं, संपादकांना ही गंमत कळावी म्हणून सांगावं.”

“त्यांना ती गंमत वाटली नाही.”

“मग मी नीट सांगितलं नाही,” ते म्हणाले. “मी क्लेअरशी बोलतो. पण लेखिकेला काय हवंय?”

अडचण तिथेच होती. लेखिकेला बरोबर असायचं होतं. डॉ. हान क्लेअरशी बोलले. क्लेअरने मला फोन केला आणि म्हणाली, “मला कुठलाही शब्द चालेल, वसुधा. छपाईला अजून वेळ आहे. पण सोराने हो म्हटलंय, आता नाहीही तिनेच म्हणायला हवं. मी तिच्यावर दोनदा मत लादणार नाही.” तिचं बरोबर होतं.

मी सोराला हान काय म्हणाले ते सांगितलं. ती म्हणाली, “ते सभ्य आहेत म्हणून तसं म्हणाले असतील.” मग मी तिला शाळा सुटल्यावर स्टुडिओत यायला सांगितलं. मीनाला विचारलं, नदीचा प्रसंग दोन्ही शब्दांनी वाचशील का? ती लगेच तयार झाली.

तो प्रसंग कादंबरीचा जीव होता. धुकं पडलेल्या नदीकाठी बोरा पोचते. समोरून नाव चाललेली असते, आणि नावेत सगळ्या म्हाताऱ्याच, पांढऱ्या कपड्यातल्या, पाठमोऱ्या. त्यांतली आपली आजी कोणती हे पाठीवरून कळत नाही. यमदूत बोराला म्हणतो, तुला एकदाच हाक मारता येईल. जी वळेल ती तुझी.

सोरा माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली, कोट न काढता. मी तिला हेडफोन दिले. आत मीनाने आधी ‘हालमोनी’ वाचलं. चांगलं वाचलं, कुठे कमी केलं नाही. सोरा मान हलवत म्हणाली, “छान आहे. खरंच छान आहे.” मग मीना पाणी प्यायली आणि तिने तेच पान पुन्हा वाचलं. ‘हालमे’, शेवटचं अक्षर तसंच लांबवलेलं, जरा हट्टी.

मीना काचेपलीकडून आमच्याकडे बघत होती. मी पुढचं वाक्य सुरू करायची खूण केली नाही.

“पहिल्या हाकेला,” सोरा हळूच म्हणाली, “सगळ्याच वळतील.”

ती रडली, आणि रडता रडता हसायला लागली. “दुसऱ्या हाकेलाही पुसानच्या पाच-सहा वळतील म्हणा. पण तेवढं चालेल.” मग तिने तिथूनच क्लेअरला फोन लावला. मी बाहेर जायला निघाले तर तिने हाताने मला थांबवलं. “क्लेअर, हालमेच राहू दे,” ती म्हणाली. “माझी आजी पुसानची होती.” एवढंच. सॉरी म्हटलं नाही.

पुस्तक त्या शब्दानिशी निघालं. फार गाजलं असं नाही, पण मुलांनी वाचलं आणि ऐकलं. सोराच्या शाळेतली मुलं मधल्या सुट्टीत एकमेकांना दोक्केबीच्या कुस्तीचं आव्हान द्यायला लागली, आणि मुख्याध्यापकांना ती बंद करावी लागली, हे सांगताना सोराचा चेहरा बघण्यासारखा होता. तिच्या वडिलांनी दुकानातल्या काउंटरवर पुस्तक ठेवलं होतं. इस्त्रीचे कपडे न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवत.

त्यानंतर आमच्या धंद्याचे दिवस पालटले. आता मशीन वाचतं. एका दुपारी सबंध पुस्तक वाचून मोकळं होतं. त्याचं तोंड कोरडं पडत नाही, पोट वाजत नाही, कुत्रा मेला तरी ते थांबत नाही. स्टुडिओ बंद झाला, तिथे आता फ्लॅट होतायत. मला मशीनचा राग नाही. स्वस्तात पुस्तकं ऐकू येतात, माझ्यासारख्या म्हातारीचे डोळे उद्या थकतील तेव्हा तेच उपयोगी पडेल. पण वाचणारा अडखळला की काचेच्या अलीकडे कुणीतरी बसलेलं असायचं, वाट बघत, याची मला अजून सवय आहे. घरी कुणी बोलता बोलता थांबलं तर मीही थांबते. हे म्हणतात, “अगं, झालं माझं बोलून.”

मीना अधूनमधून एडिनबराहून फोन करते. ती आता हॉस्पिटलमध्ये रिसेप्शनवर आहे, नाटकातली कामंही मिळाली की करते. मागच्या हिवाळ्यात तिने संध्याकाळच्या कोरियन वर्गात नाव घातलं. पहिल्या दिवशी बाईंनी सगळ्यांना विचारलं, तुम्हाला येणारा एखादा शब्द सांगा. कुणी जेवणाचे पदार्थ सांगितले, कुणी गाण्यातले शब्द. मीनाने तिचा शब्द सांगितला.

“बाई एकदम माझ्याकडे वळून बघायला लागल्या,” मीना म्हणाली. “म्हणाल्या, हा उच्चार पुस्तकातून येत नाही. तुझी आजी पुसानची का?”

“मग?”

फोनवर ती जरा थांबली. एडिनबराच्या बसचा आवाज येत होता.

“मी हो म्हणून टाकलं, वसू.”

“बरं केलंस,” मी म्हटलं.